मुरबाडच्या कामगारांचे ऐकणार कोण?

कामगारांचे मनोबल खचले असे वाटले की व्यवस्थापन घोषणाफलक लावते आणि शहरातून व्याख्याता आणते. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत या उपायांचा पोकळपणा लगेच उघडा पडतो. आसपासच्या खेड्यापाड्यांतून येणाऱ्या कामगाराचा एक पाय यंत्रापाशी, तर दुसरा भातखाचरात असतो. मुरबाडला अद्याप रेल्वे पोहोचलेली नाही. पाळी सुटल्यावर एस. टी. किंवा मिळेल ते वाहन, हाच आधार. आवणीसाठी रजा मागितली तर ती बेशिस्त ठरते आणि गाडी चुकली तर तो त्याचा खासगी प्रश्न ठरतो. ज्याचे ऐकूनच घेतले जात नाही, त्याने उत्साहाने राबावे ही अपेक्षा कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

गाऱ्हाण्याला ठरावीक मुदतीत उत्तर मिळणे आणि ते मांडणाऱ्याची नोकरी शाबूत राहणे, याला संवाद म्हणतात. तो मालकाच्या सौजन्यावर सोडता येत नाही. म्हणूनच १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी उभयपक्षी कार्य समितीची तरतूद होती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनातील कामगारांचा सहभाग हे राज्याचे धोरण ठरविले. परंतु कार्य समितीने अभिप्राय द्यावा आणि निर्णय मालकाने घ्यावा, अशी रचना असल्याने अनेक ठिकाणी ती कागदावरच राहिली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ३०० पेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना स्थायी आदेशांच्या सक्तीतून मोकळे केले. याचा निषेध झालाच पाहिजे. मात्र त्याच संहितेनुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती आवश्यक आहे. तीत दोन्ही पक्षांचे सदस्य समसमान असतात; निम्म्याहून अधिक कामगार-सदस्यांच्या संमतीवाचून तिचा निर्णय होत नाही. संहितेला विरोध करीत असतानाही हे हत्यार गंजू देणे शहाणपणाचे नव्हे.

खरी गोम ठेकेदारी पद्धतीत आहे. एकाच यंत्रावरील दोघांपैकी एक कायम, दुसरा ठेकेदाराचा. दुसऱ्याने तक्रार केली की मालक ठेकेदाराकडे बोट दाखवितो आणि ठेकेदार दरवाजाकडे. येथे कामगार संघटनांनाही जाब द्यावा लागेल. कायम कामगारांच्या बोनसपुरत्या द्वारसभा घेणारी संघटना ठेका कामगाराच्या लेखी मालकाइतकीच बहिरी असते.

मुरबाड-शहापूर भागातील कार्यकर्त्यांनी तक्रार निवारण समिती कोठे नेमली आहे आणि कोठे नाही, याची कारखानावार यादी करावी. ठेका कामगारांची गाऱ्हाणी पाड्यावर जाऊन लिहून घ्यावीत. कारखान्याच्या दारात ती कोणी बोलणार नाही. आवणीची रजा आणि पाळीला जुळणारी एस. टी. या मागण्या वेतनवाढीइतक्याच आग्रहाने मांडाव्यात. आपल्या शब्दाला उत्तर मिळते, हा अनुभव एकदा आला की कामगार ताठ मानेने उभा राहतो. त्यानंतर घोषणाफलकांची गरज उरत नाही.