घरधन्यावांचून घर

हल्लीं प्रवासास निघणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांत हॉटेलास नाक मुरडण्याची एक चाल पडली आहे. हॉटेल म्हणजे कोरडा धंदा. त्यापेक्षां चार दिवसांपुरतें कोणाचें तरी घर भाड्यानें घ्यावें, म्हणजे त्या गांवचें खरें जीवन अनुभवास येतें, असें या मंडळींचें म्हणणें. केवळ सोयीचा प्रश्न असता तर आम्हीं वाद घातला नसता. म्हातारी आई आणि दोन मुलें बरोबर असतां स्वयंपाकघर हातीं असणें ही केवढी सोय आहे, हें कोणत्याहि गृहिणीस सांगावयास नको. आमचा आक्षेप आहे तो या 'खऱ्या जीवना'वर.

कारण हें घर कोणाचें? दाराशीं टांगलेल्या पेटीचे आंकडे जुळवावे, किल्ली काढावी आणि आंत जावें. स्वागताला कोणी नाहीं, निरोपालाहि नाहीं. भिंतीवर 'हें आपलेंच घर समजा' अशी पाटी, आणि तिच्याखालीं बारा नियम! सफाईचे पैसे निराळे मोजूनहि निघतांना भांडीं आपणच घासावयाचीं. मालकाचीं अशीं घरें दहा असतील. राहत मात्र तो त्यांतल्या एकाहि घरांत नाहीं. हॉटेलांत निदान नोंदवही असते, आगीचा बंदोबस्त असतो, रात्रीं हांकेला ओ देणारा माणूस असतो.

या सोंगाची किंमत कोण देतो, तें बार्सिलोनांत पहावें. जून २०२४ मध्यें तेथील महापौर जाउमे कोल्बोनी यांनीं जाहीर केलें कीं, प्रवाशांना देण्याचा परवाना असलेलीं १०,१०१ घरें नोव्हेंबर २०२८ पर्यंत पुन्हां रहिवाशांच्या वापरांत आणावयाचीं. दहा वर्षांत शहरांतील भाडीं ६८ टक्क्यांनीं चढलीं, असें त्यांनींच सांगितलें. त्याला हीं घरें हें एकमेव कारण, असें कोणी समंजस मनुष्य म्हणणार नाहीं. पण ज्या जिन्यावर पांच बिऱ्हाडें होतीं तेथें दोनच उरलीं, तर त्यांनीं दर आठवड्यास नवीं तोंडें पाहत आणि मध्यरात्रीं पेट्यांच्या चाकांची खडखड ऐकत दिवस काढावे काय? खरें जीवन पाहावयास आलेल्यानेंच तें त्या जिन्यावरून उठवून दिलें!

न्यूयॉर्कनें मर्म अचूक धरलें. सप्टेंबर २०२३ पासून तेथें अंमलांत आलेल्या नियमाप्रमाणें तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठीं घर द्यावयाचें तर नोंदणी हवी, यजमान स्वतः घरांत हवा, आणि पाहुणे दोघांहून अधिक नकोत. (ही शेवटची अट मात्र आम्हांस जाचक वाटते; वर सांगितलेल्या कुटुंबानें जावें कोठें?) यामागें हॉटेलवाल्यांचा स्वार्थ आहे, अशी ओरड झाली. स्वार्थ होताच. पण आग लागल्याचें स्वार्थी माणसानें सांगितलें, म्हणून धूर खोटा ठरत नाहीं.

यजमान असलेलें घर आम्हां महाराष्ट्रीयांस नवें नव्हे. दिवेआगरास, तारकर्लीस राहत्या घराच्याच खोल्या पाहुण्यांना देणारीं कुटुंबें आहेत. पैसे तेथेंहि मोजावे लागतात. पण रात्रीं पानावर किती जण, हें तेथें सकाळींच विचारलें जातें. यावयास उशीर झाला तर कोणी तरी वाट पाहत असतें. आणि पाहुण्यांचा आवाज चढला कीं माजघरांतून खांकरणें ऐकूं येतें. लोणावळ्यास बंगला घेऊन पहाटेपर्यंत कर्णे वाजविणाऱ्यांना नेमकें हें खांकरणेंच नको असतें.