पाहुण्यांचे दप्तर

पाचगणीचे मूळ गावकरी कोण, असे कोणी विचारले तर चटकन उत्तर देता येणार नाही. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि ताईघाट या पाच गावांमधल्या माळावर एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन या इंग्रजाने वस्ती आखली. मागाहून पारशी आले, मिशनरी आले, शाळा निघाल्या. छातीच्या विकाराला इथली कोरडी हवा मानवते असा लौकिक झाला आणि १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उघडले. हे गावच असे पाहुण्यांचे. पण त्यांतले काही पाहुणे असे होते की त्यांचे नाव आज बाजारात काढले तर बहुतेक लोक आपल्याच तोंडाकडे पाहत राहतात. ते म्हणजे पोलंडचे निर्वासित.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडचे दोन तुकडे झाले. एक जर्मनीने घेतला, दुसरा रशियाने. रशियाच्या वाट्याला आलेल्या भागातली कुटुंबेच्या कुटुंबे फेब्रुवारी १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात पाठवण्यात आली. १९४१ साली हिटलर रशियावर उलटला, तेव्हा समेट होऊन यांची सुटका झाली. १९४२ मध्ये जनरल अँडर्सच्या सैन्याबरोबर सुमारे १,१५,००० माणसे इराणात उतरली. पुरुष लढाईवर गेले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे यांनी जायचे कुठे? जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांना थारा दिला, आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजारांची वसाहत उभी राहिली. तिथे चर्च, शाळा, नाटके, सारे काही होते. ज्यांची प्रकृती ढासळली होती त्यांच्यासाठी पाचगणीला एक पोलिश आरोग्यकेंद्र होते.

आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीने प्रबंधिकेसाठी हा विषय घेतला, आणि तिच्या निमित्ताने मलाही पुरालेखागाराची पायरी चढावी लागली. मराठीच्या प्राध्यापकाला कवितेतला अर्थ शोधण्याची सवय. कागदातला माणूस शोधणे हे काम निराळे. आधी अर्ज, मग कॉलेजचे पत्र, मग सूची. शाईचे पेन बाहेर ठेवायचे आणि शिसपेन घेऊन बसायचे. सरकारी कागद विषयाप्रमाणे लावलेले नसतात, खात्याप्रमाणे लावलेले असतात. म्हणून पाचगणीचा रोगी पाचगणीच्या नावाखाली सापडेलच असे नाही. त्याच्या औषधपाण्याचा खर्च कोणी सोसला, हे आधी विचारावे लागते.

तो खर्च होता लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारकडे. त्यामुळे या माणसांचे कागदही त्यांच्यासारखेच जगभर पांगले. काही दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, काही कोल्हापूर संस्थानच्या दप्तरांत, काही लंडनच्या सिकोर्स्की संग्रहालयात, तर काही थेट कॅलिफोर्नियातल्या हूव्हर संस्थेत. आता दिल्लीचे पुष्कळसे कागद घरबसल्या पडद्यावर पाहता येतात, ही सोय मोठीच. तरी नावांचा घोळ सुटत नाही. पोलिश रीतीप्रमाणे नवरा ‘कोवाल्स्की’ असेल तर बायको ‘कोवाल्स्का’ होते. ही रीत ठाऊक नसली तर यादीत एकाच घरातली दोन माणसे एकमेकांना परकी वाटतात.

अशा कागदांनी काय साधते, असे मला घरीही विचारले गेले. साधते ते असे. सायबेरियात नेलेल्या पोलिश माणसांचा आकडा कित्येक वर्षे दहा लाखांच्या वर सांगितला जात असे. पुढे सोव्हिएत पोलिसांची दप्तरे उघडली, तेव्हा त्यांतून सुमारे ३,२०,००० हा आकडा निघाला. त्याने दुःख कमी झाले नाही. पण कोणत्या गाडीत कोण होते हे विचारण्याची वाट मोकळी झाली. आकडा फुगवून सांगितला की माणूस त्यात हरवतो. यादी नीट लावली की तो पुन्हा सापडतो.

सरकारी कागदात खर्च असतो, आठवणीत जीव असतो. भारतात वाढलेल्या या पोलिश मुलांनी पुढे लंडनला मंडळ काढले आणि २००० साली आपल्या आठवणींचा मोठा ग्रंथ पोलिश भाषेत प्रसिद्ध केला. मागाहून तो इंग्रजीतही आला. १९४५ साली त्यांची पूर्वेकडची गावे रशियातच राहिली, आणि इंग्लंडने त्यांच्या लंडनमधल्या सरकारची मान्यता काढून घेतली. ती मुले परत जाणार तरी कुठे? १९४८ पर्यंत वळिवडे रिकामे झाले. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी पोलंडला. त्याच बराकींत मग फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे राहायला आली. आज आपण ज्या गांधीनगरात कापड घ्यायला जातो, ते हेच ठिकाण.

या साऱ्या पसाऱ्यात एक बाजू मला फारच पातळ दिसली, ती आपली. इतक्या माणसांना दूध कोणी घातले असेल, कपडे कोणी शिवले असतील, पाचगणीच्या रोग्यांची पथ्ये कोणी सांभाळली असतील? ती माणसे मराठी बोलणारीच असणार. पण मी चाळलेल्या कागदांत ती फार तर हिशेबाच्या एका ओळीत भेटली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी कृतज्ञतेचा स्तंभ उभारला आहे. वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक आहे. ज्यांचे आभार मानले त्यांची नावे मात्र आपणच लिहून ठेवलेली नाहीत.

आणि ती नावे पुसण्याचा मोसम, वाचकहो, नेमका दिवाळीच्या आधीचा! माळ्यावरची ट्रंक खाली येते, पिवळी पडलेली पत्रे, दुकानाच्या वह्या, अनोळखी चेहऱ्यांचे फोटो निघतात, आणि रद्दीवाला तराजू घेऊन दारातच उभा असतो. सातारा-कोल्हापूरकडच्या घरांतून तर माझी विशेष विनंती आहे. गठ्ठा बांधण्याआधी घरातल्या सर्वांत वडील माणसाला तो एकदा दाखवा. फोटोच्या मागे नाव, गाव, साल शिसपेनने लिहा. वही फाटकी असली तरी तिची प्रत काढून गावच्या वाचनालयात किंवा जवळच्या कॉलेजात द्या. तेवढ्याने घरातली साफसफाई काही अडत नाही, आणि साठ-सत्तर वर्षांनी पोलंडहून कोणी नातू आजीचा दूधवाला शोधत आला, तर त्याला दाखवायला आपल्याजवळ एक तरी कागद असेल.