गळती शोधण्याचीही मजुरी द्या

आमच्या शाळेच्या रस्त्यावर गॅरेजांची रांग आहे. माझे काही जुने विद्यार्थी तिथे उस्तादाच्या हाताखाली काम शिकतात. त्यांच्याशी बोलून माझं एक मत पक्कं झालंय: आपण पार्टचे पैसे देतो, दोष शोधण्याचे देत नाही.

कूलंटचंच घ्या. ते पेट्रोलसारखं खर्च होत नाही, बंद यंत्रणेत फिरत राहतं. पातळी वरचेवर खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहेच. तरी गिऱ्हाईक म्हणतं, "पाणी टाक, चालेल." त्यानं कूलंट पातळ होतं, गंज रोखण्याची त्याची ताकद कमी होते आणि गळती तशीच राहते. काही ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकतात. वाटेत अडकलेल्यांचा तो जुगाड आहे, इलाज नव्हे.

खरा शोध इंजिन थंड असतानाच सुरू होतो. गरम असताना झाकण उघडलं, तर उकळतं पाणी अंगावर येतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला, तर सकाळी डाग दिसतो. तो बिनरंगी असेल तर बहुधा एसीचं पाणी. हिरवा किंवा गुलाबी असेल तर कूलंट. मग पाइपांची टोकं, क्लिपा, रेडिएटरच्या कडा, वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र बघायचं. गळकी जागा वाळलेल्या रंगीत थरावरून ओळखू येते. तिथेही काही दिसलं नाही, तर हातपंपाच्या टेस्टरनं झाकणावर लिहिलेला दाब द्यायचा, बऱ्याच गाड्यांत साधारण १ बार, आणि काट्यावर नजर ठेवायची. काटा उतरला पण बाहेर थेंब नाही, तर हीटरखालचा गालिचा चाचपायचा. तो कोरडा असेल, तर संशय हेड गॅस्केटवर.

यात तासभर सहज जातो. आणि शेवटी क्लिपच सैल निघाली, तर गिऱ्हाईक विचारतं, "नुसती क्लिप आवळायचे इतके पैसे?" मग पुढच्या वेळी उस्ताद शोधत बसत नाही, अंदाजानं पार्ट बदलतो. खर्च आपलाच वाढतो, आणि अंदाज चुकला तर घाटात इंजिन तापून हेड वाकतं.

डॉक्टरांची तपासणी फी आपण मुकाट देतो. आजार निघाला नाही, तर आनंदानं देतो. गॅरेजात मात्र हात जड होतो. ज्या कामाला मोल नाही, ते काम ही पोरं कशाला शिकतील? ती पार्ट बदलायला शिकतील, गाडी समजून घ्यायला नाही.