भिंगाचे गणित कोणाच्या मालकीचे?

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा विषय निघाला की आपल्यातील काही ज्येष्ठ सहकारी हात झटकतात. हे मध्यमवर्गीय अभियंत्यांचे छंद आहेत, कामगाराच्या भाकरीशी त्यांचा संबंध काय, असा त्यांचा सवाल असतो. उलट काही तरुण मित्र असे बोलतात की जणू सॉफ्टवेअरची मूळ संहिता उघडी झाली आणि समाजवाद दाराशी येऊन उभा राहिला! प्रस्तुत लेखकाच्या मते दोघेही चुकतात आणि दोघांच्या चुकीचे मूळ एकच आहे. अवजार कोणाच्या ताब्यात आहे आणि ते कोणाच्या श्रमातून घडले, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. तो प्रश्न एका लहानशा अवजाराच्या निमित्ताने येथे विचारावयाचा आहे.

फ्रीकॅड नावाची एक आरेखन-प्रणाली आहे. २००२ साली तिची पहिली आवृत्ती निघाली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात तिने १.० हा आकडा गाठला. यंत्राचे सुटे भाग, घराचे नकाशे, साचे असे सर्व काही तिच्यात आखता येते. तिला जोडून घेता येणारे ऑप्टिक्स वर्कबेंच नावाचे एक दालन आहे. आपण आखलेल्या घन आकाराला ‘हा आरसा’, ‘हे भिंग’, ‘ही विवर्तन जाळी’, ‘हा प्रकाश शोषून घेणारा पडदा’ असे सांगावयाचे आणि एका टोकाला किरणांचा उगम ठेवावयाचा. मग संगणक प्रत्येक किरण पुढे नेतो, तो प्रथम कोणत्या पृष्ठभागावर आदळतो ते शोधतो, त्या बिंदूपाशी पृष्ठभागाला लंब काढतो आणि वक्रीभवनाचा किंवा परावर्तनाचा नियम लावून नवी दिशा ठरवितो. काचेतून बाहेर पडणाऱ्या किरणाचा कोन सुमारे ४२ अंशांच्या पुढे गेला तर साध्या काचेत किरण आतल्या आतच परततो. तेही पडद्यावर दिसते. पांढरा प्रकाश सोडला तर रंग वेगळे होतात, कारण वक्रीभवनांक रंगागणिक बदलतो. नेहमीच्या बीके-७ काचेचा वक्रीभवनांक निळ्या प्रकाशाला सुमारे १.५२२ आणि तांबड्याला १.५१४. हा तिसऱ्या दशांश स्थळावरचा फरकच दुर्बिणीच्या चित्राला रंगीत किनार आणतो आणि तो मिटविण्यासाठी भिंगकारांच्या पिढ्या झिजल्या आहेत.

ज्या नियमावर हे सारे उभे आहे तो नियम स्नेलच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या सहा शतके आधी, ९८४ च्या सुमारास, बगदादच्या इब्न साह्लने तो भिंगांसाठी वापरला होता. त्यावर कोणाचाही ताम्रपट नाही. मग त्या नियमाने आकडेमोड करणारे अवजार कुलपात का?

हा प्रश्न नवा नाही. १८४० साली व्हिएन्नात योझेफ पेट्झव्हालने छायाचित्रणासाठी पहिले गणिताने सिद्ध केलेले भिंग रचले. ती आकडेमोड त्याने एकट्याने केली नव्हती. ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील हिशेबात तरबेज असलेले शिपाई त्याला त्या कामासाठी दिले गेले होते. त्या शिपायांची नावे भिंगाच्या इतिहासात कोणी लिहीत नाही. पेट्झव्हालची तरी काय गत झाली? फोइग्टलेंडर या उत्पादकाने त्याच्या हातावर एकरकमी मोबदला ठेवला आणि भिंगे विकून अमाप नफा मिळविला. पुढे दोघांचे भांडण विकोपाला गेले. आणि १८५९ साली पेट्झव्हालच्या घरी चोरी होऊन त्याची हस्तलिखिते नष्ट झाली, तेव्हा वर्षानुवर्षांचे गणित कायमचे गेले. एका कपाटातले ज्ञान कपाटाबरोबर जाते.

त्याच १८४० साली आयझेनाख येथे एका सूतगिरणीतील नोकरमाणसाच्या घरी एर्न्स्ट आबे जन्मला. बाप दिवसाचे चौदा-चौदा, सोळा-सोळा तास उभा असे. याच आबेने येना येथे त्साइसच्या कारखान्यात सूक्ष्मदर्शकाची रचना अंदाजपंचे घासण्यातून सोडवून गणितावर आणली. पुढे, १८८९ साली, त्याने त्साइस प्रतिष्ठान स्थापले, कारखान्यातील आपला हिस्सा त्याच्या स्वाधीन केला आणि १९०० साली तेथे आठ तासांचा दिवस लागू केला. मजुरी घटली नाही, उत्पादनही घटले नाही. आबे क्रांतिकारक नव्हता, हे मान्य. पण भिंगाचे गणित आणि कामगाराचा दिवस हे दोन विषय एकाच माणसाच्या डोक्यात एकत्र नांदू शकतात, हे हात झटकणाऱ्या सहकाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता आजचा बाजार पाहा. भिंगरचनेची व्यावसायिक सॉफ्टवेअरे म्हटली की झीमॅक्स आणि कोड व्ही ही दोन नावे प्रथम येतात. २०२१ साली झीमॅक्स अॅन्सिस कंपनीने गिळले. कोड व्ही २०१० पासून सिनॉप्सिसकडे होते. पुढे सिनॉप्सिसने अॅन्सिसलाच विकत घ्यावयाचे ठरविले, म्हणजे दोन्ही अवजारे एकाच मालकाच्या खिशात पडणार होती. अमेरिकेतील आणि युरोपातील नियामकांना, जे काही समाजवादी नव्हेत, यात हस्तक्षेप करावा लागला आणि २०२५ साली सिनॉप्सिसला आपला प्रकाशकी विभाग कीसाइटला विकावा लागला. स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांनी या घटनेचा जरूर अभ्यास करावा. वापरणाऱ्या अभियंत्याला या सौद्यांत कोणी विचारले नाही. एका सकाळी त्याचा धनी बदलला, इतकेच.

एका तंत्रनिकेतनात मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगतो. प्रयोगशाळेतील आरेखन-सॉफ्टवेअरचा परवाना संपला होता आणि नूतनीकरणाचा कागद कार्यालयात अडकला होता. विद्यार्थ्यांनी दोन महिने खपून केलेली आरेखने यंत्रात होती, पण ती उघडत नव्हती. श्रम त्यांचे, वीज सरकारची, यंत्र जनतेच्या पैशाचे. किल्ली मात्र परक्याची. शिक्षक मला शांतपणे म्हणाले, “दर दोन-तीन वर्षांनी असे होतेच.” ही शांतताच मला अधिक बोचली.

आपल्या देशाने याहून कठीण कुलपे फोडली आहेत. प्रकाशीय काच करण्याचे तंत्र मोजक्या देशांच्या हाती होते आणि ते सहजी द्यावयास कोणी तयार नव्हते. कलकत्त्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत डॉ. आत्माराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती काच येथेच करून दाखविली. सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक संस्थेत. ज्या देशाने काच ओतली त्याच देशाच्या शाळा-महाविद्यालयांनी त्या काचेतून जाणारा किरण आखण्यासाठी दरवर्षी परदेशी परवान्याची खंडणी भरावी, यात कोणता स्वाभिमान आहे?

“पण हे फुकटचे अवजार तोकडे आहे,” असा आक्षेप येतो. तो खोटा नाही. या दालनात मुख्यतः भूमितीय प्रकाशकी आहे. प्रकाशाच्या तरंगरूपाचा पूर्ण हिशेब, किंवा सात-आठ भिंगांची मालिका स्वयंचलितपणे सुधारत नेणारी यंत्रणा तेथे शोधू नये. कॅमेऱ्याचे उत्तम भिंग रचणाऱ्या तज्ज्ञाला ते आज पुरणार नाही. पण दिव्याचा परावर्तक, परिदर्शक, लोलकाचा प्रयोग, साधी दुर्बीण यांना ते पुरते, आणि मुख्य म्हणजे किरण का वळला हे संहिता उघडून वाचता येते. तोकडेपणाचे कारणही सांगितले पाहिजे. परवान्यांवर जो पैसा जातो त्याचा अल्प अंश जरी या अवजारावर खर्च झाला असता तरी ते इतके तोकडे राहिले नसते. एखाद्याला उपाशी ठेवावयाचे आणि तो अशक्त आहे म्हणून हिणवावयाचे, ही रीत आपल्या परिचयाची आहे.

आता तरुण मित्रांकडे वळतो. फ्रीकॅड ज्या भूमितीय गाभ्यावर उभे आहे तो ओपनकॅस्केड एका फ्रेंच कंपनीच्या पोटातून १९९९ साली खुला झाला. त्यात परोपकार होता असे समजण्याचे कारण नाही. फ्रीकॅडचा परवानाही असा सैल आहे की बंदिस्त उत्पादन करणाऱ्या भांडवलदाराला त्याचे भाग खुशाल जोडून घेता येतात. बंधन एवढेच की वितरण करताना त्या भागांत केलेले बदल खुले ठेवावे लागतात. याचा अर्थ रात्री जागून, नोकरी सांभाळून, विनामोबदला लिहिलेली ओळ उद्या कोणाच्याही नफ्यात जमा होऊ शकते. तोफखान्यातील शिपायांना निदान पगार तरी मिळत होता! सामुदायिक मालकीची गाणी गाताना हा बिनपगारी श्रम ज्यांच्या नजरेतून सुटतो त्यांनी अर्धाच प्रश्न पाहिला आहे. संहिता खुली असणे आवश्यक आहे, पण ती सांभाळणाऱ्याचे पोट सार्वजनिक निधीने भरले पाहिजे, हीही तितकीच आवश्यक मागणी आहे.

असा निधी अशक्य नाही. मुंबईच्या आय.आय.टी.त फॉसी हा प्रकल्प केंद्र सरकारच्या पैशाने शिक्षणासाठी मुक्तस्रोत साधनांवर काम करीत आला आहे आणि तेथील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने असे धडे मराठीतही आणले आहेत. म्हणजे वाट पडलेली आहे. तिचा सडक होणे बाकी आहे. राज्यातील प्रत्येक शासकीय तंत्रनिकेतनाच्या आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या खरेदी समितीपुढे आपल्या कार्यकर्त्यांनी दोन साधे प्रश्न लेखी ठेवावेत. गेल्या पाच वर्षांत आरेखन-सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर किती रक्कम गेली? आणि परवाना संपल्यावर विद्यार्थ्यांनी केलेले काम कोणत्या स्वरूपात, कोणाकडे शिल्लक राहिले? उत्तर टाळले गेले तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. मिळालेले आकडे या पानाकडे पाठवावेत. ते येथे छापले जातील.