तीस टक्क्यांचे हक्कसोडपत्र

मुसलमानांना पाच टक्के आरक्षण मिळावे ही मागणी रास्त आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आणि नंतर महमूद-उर-रहमान समितीने आपल्या समाजाची जी अवस्था मांडली, ती पाहिल्यावर वेगळा पुरावा मागण्याची गरज उरत नाही. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षण रोखले, शिक्षणातले मात्र चालू ठेवले. पुढे वटहुकमाची मुदत संपली आणि नव्या सरकारने त्याचा कायदा केला नाही. तेव्हापासून नागपुरात हिवाळी अधिवेशन भरले की ही मागणी पुन्हा पुन्हा उठते. हे सगळे ठीक. पण या मागणीत आपल्या बायकांचा हिस्सा किती, हा प्रश्न कोणत्या व्यासपीठावर विचारला जातो? निवेदनावर सह्या कोणाच्या असतात? शिष्टमंडळात कोण असते?

प्रश्न विचारला की दोन बाजूंनी दोन उत्तरे येतात. आपल्यातलेच काही बुजुर्ग म्हणतात, आमच्या बायकांना नोकरीची गरज काय? कमावणे ही मर्दाची जबाबदारी. दुसरीकडे, शिकलेला सुखवस्तू वर्ग म्हणतो, राखीव जागांनी स्त्रीचा अपमान होतो, तिने गुणवत्तेवर यावे. दोघांचे पटत नाही असे वरवर वाटते. प्रत्यक्षात दोघे मिळून एकच काम करतात: दार बंद ठेवतात.

पहिल्या उत्तराचा समाचार आधी घेऊ. आमच्या बायका काम करत नाहीत, हेच मुळात खोटे आहे. मोमिनपुऱ्यात, हसनबागेत, ताजबागच्या वस्तीत, कामठीत जाऊन पाहा. शिलाई चालू आहे, काज-बटण चालू आहे, कुठे विड्या वळल्या जात आहेत. २०११ च्या जनगणनेत काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास निघाले. सर्व समाजांतील स्त्रियांचे मिळून ते २५ टक्क्यांवर होते. उंबऱ्याच्या आतले काम गणनेत धडपणे येतच नाही. म्हणजे आपल्या बायका घाम गाळतातच. फक्त त्यांना पगारपत्रक नाही, रजा नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि नगामागे किती पैसे मिळणार ते ठेकेदार ठरवतो. तेव्हा बाईने काम करावे की नाही, हा वाद कधीच निकालात निघाला आहे. वाद आहे तो तिने हक्काचे काम करावे की बिनहक्काचे, एवढाच. ज्या समाजाची पहिली मोमिना हजरत खदीजा या स्वतः मोठ्या व्यापारी होत्या, त्या समाजाने हे विसरू नये.

आता गुणवत्तावाल्यांचे. नॉर्वे हा काही मागास देश नाही. तिथे २००३ साली कंपन्यांच्या संचालक मंडळांवर स्त्रियांना ४० टक्के जागा देणारा कायदा करावा लागला, कारण नुसत्या सदिच्छेने जागा भरत नव्हत्या. आपल्याकडे पंचायतींत राखीव जागा आल्या तेव्हा सगळे हसले होते. सरपंचबाई नावापुरती आणि कारभार नवऱ्याचा, असे अजूनही म्हटले जाते, आणि अनेक ठिकाणी ते खरेही आहे. पण राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी बंगाल व राजस्थानातील पंचायतींचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखवून दिले की जिथे प्रमुखपद स्त्रीसाठी राखीव होते, तिथे पंचायतीचा पैसा बायकांना ज्यांची निकड होती त्या कामांकडे, उदाहरणार्थ पिण्याच्या पाण्याकडे, अधिक वळला. बंगालमधल्याच पुढच्या एका अभ्यासात असे दिसले की अशा गावांतल्या आईबापांच्या आपल्या मुलींबद्दलच्या अपेक्षाही वाढल्या. खुर्चीवर बसलेली बाई रोज नजरेस पडली की घरातल्या मुलीकडे बघण्याची नजर बदलते. हे काम भाषणांनी होत नाही.

तेव्हा राखीव जागा हव्यातच. पण त्यांनी कामाच्या ठिकाणची विषमता मिटेल काय? याचे प्रामाणिक उत्तर आपल्या घरातच आहे.

वारसाहक्कात स्त्रीचा हिस्सा ठरवून देणे, हा एका अर्थाने राखीव जागांचाच विचार आहे. भावाच्या निम्मा का असेना, पण ठरलेला, आणि कोणाच्या मेहरबानीवर न ठेवलेला हिस्सा इस्लामने चौदा शतकांपूर्वी मुलीला दिला. सूरह निसामध्ये स्त्रीच्या कमाईवर तिचाच हक्क मान्य केला आहे. आपण हे इतरांना अभिमानाने सांगतो. मग पुढे काय होते? बाप गेला की भाऊ बहिणीकडे हक्कसोडपत्राचा कागद घेऊन येतो. तिने सही केली नाही तर माहेर तुटते. सही केली तर ती चांगली बहीण ठरते. हिस्सा किताबात राहिला, जमीन भावाच्या सातबाऱ्यावर गेली. जो हिस्सा घ्यायला जाण्याची बाईची ताकदच आपण उभी राहू देत नाही, तो हिस्सा तिचा होत नाही.

नोकरीतल्या ३० टक्क्यांचेही असेच चालले आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने महिला धोरण आणले आणि सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण मिळाले. हे समांतर आरक्षण आहे. खुला असो, ओबीसी असो, प्रत्येक प्रवर्गाच्या आत ३० टक्के जागा स्त्रियांच्या. २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या १० टक्क्यांतही तो हिस्सा आहे. म्हणजे मोमीन, अन्सारी अशा ओबीसी यादीतल्या जमातींच्या मुलीला आजही दार आहे, आणि यादीबाहेरच्या गरीब मुलीलाही आहे. उद्या ते पाच टक्के मिळाले तर त्यातही दीड टक्का तिचा असेल. पण नियमातली मेख लक्षात घ्या: त्या प्रवर्गात पात्र महिला उमेदवार मिळाली नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या पुरुषाला जाते. आपण मुलीला दहावीला थांबवले, बारावीनंतर लग्न लावून दिले, की तिची जागा आपोआप भावाकडे जाते. सहीसुद्धा लागत नाही. हे तीस टक्क्यांचे हक्कसोडपत्रच आहे.

जी शिकते, तिची वाट कागद अडवतो. ओबीसीचा दाखला हवा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा हवा. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मास्तरांनी सरसकट ‘मुसलमान’ लिहून ठेवले आहे. मोमीन की बागवान की पिंजारी, याचा पत्ताच नाही. त्यात लग्न झालेल्या मुलीला पुरावा बापाच्या बाजूचाच लागतो. माहेरची कागदपत्रे भावांच्या कपाटात, नाव बदललेले, आणि फॉर्मची शेवटची तारीख चार दिवसांवर! आपल्या जमातीच्या किती संघटनांनी मुलींच्या लग्नाआधी त्यांची जातपडताळणी करून द्यायचे काम हाती घेतले आहे? सामुदायिक विवाहाचे मंडप घालण्याइतके तरी हे काम पुण्याचे आहे.

आणि समजा, जागा भरल्या. तेवढ्याने समता आली का? अंगणवाडीकडे पाहा. १९७५ पासून चालू असलेल्या या योजनेत सेविका आणि मदतनीस शंभर टक्के स्त्रियाच आहेत. तीस नाही, शंभर टक्के! तरी त्यांना वेतन नाही, मानधन आहे. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. आशा सेविकांची कथा वेगळी नाही. म्हणजे जिथे काम स्वस्त आणि मान कमी, तिथे बाईला कोणी अडवत नाही. दुसरीकडे कायम पदे आटत चालली आहेत आणि कंत्राटी भरती वाढते आहे. कंत्राटदार ना बिंदुनामावली पाळतो, ना समांतर आरक्षण. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पण तिचा खर्च मालकाच्या गळ्यात घातला. तेव्हा लहान मालक बाईला घेतानाच दहा वेळा विचार करू लागला तर नवल नाही.

या बाबतीत नागपूरने देशाला फार पूर्वी धडा घालून दिला आहे. जुलै १९४२ मध्ये या शहरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे बोलले. गिरणीत आणि विडी कारखान्यात राबणाऱ्या बायांच्या या परिषदेने कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत स्त्रियांना राखीव जागा मागितल्या. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी भरपगारी रजा मागितली, इजा झाल्यास भरपाई मागितली, म्हातारपणासाठी पेन्शन मागितले, बायकांच्या कामावर देखरेखीला बाईच असावी असे म्हटले. आणि त्याच ठरावांत घटस्फोटाचा हक्क व बहुपत्नीत्वाला बंदी याही मागण्या होत्या. कारखाना आणि घर हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे त्यांना पुस्तके न वाचता कळले होते. याच शहरात राहून आपल्याला ते अजून कळू नये, ही शरमेची गोष्ट आहे.

सरकारकडे मागायचे ते मागूच. महिलांची न भरलेली जागा लगेच पुरुषाला न देता पुढच्या भरतीत महिलेसाठीच ठेवा. कंत्राटी भरतीला ३० टक्के लावा. बाळंतपणाच्या रजेचा भार मालकावर न टाकता सार्वजनिक निधीवर घ्या. वस्तीजवळ पाळणाघर द्या. पण मोर्चा काढण्याआधी एक काम आपल्या हातातले आहे. आपल्या शिक्षण संस्था, ट्रस्ट, पतसंस्था, जमातींची मंडळे यांच्या कार्यकारिणीत किती बायका आहेत, ते मोजा. वक्फ मंडळावर किमान दोन स्त्रिया असाव्यात हेसुद्धा २०१३ मध्ये संसदेला कायदा करून सांगावे लागले; आपण होऊन आपण केले नाही. या संस्थांत ३० टक्के जागा द्यायला कोणता वटहुकूम आडवा येतो? कोणते न्यायालय स्थगिती देणार आहे?

सरकारकडे हिस्सा मागणाऱ्याने आधी बहिणीचा हिस्सा तिच्या हाती द्यावा. तोपर्यंत पाच टक्क्यांची आपली मागणी न्यायाची असूनही अर्धीच राहील.