कुठल्या खात्यात परत?

ज्याला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो त्याने बेकाराला स्वाभिमान शिकवू नये. वस्तीच्या फळ्यावर आमच्यातल्या दोघांची नावं लिहून पुढे 'गद्दार' लिहिणाऱ्या शहाण्यासाठी हे पहिलं वाक्य. पुढचं सगळ्यांसाठी.

हकीकत थोडक्यात अशी. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कापड रंगवायच्या गिरणीतून गेल्या पावसाळ्यात आम्हा बारा जणांना काढलं. गुन्हा काय, तर हातमोजे मागितले. कॉस्टिकने हात सोलून निघत होते. माझी पाच वर्षं भरायला पाच महिने बाकी होते. पाच भरली की ग्रॅच्युइटी द्यावी लागते हे मालकाच्या कारकुनाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. आता ऑर्डर आली, माणसं कमी पडली आणि मुकादमाचे फोन सुरू झाले: या परत. परत म्हणजे कसं? ठेकेदाराच्या हजेरीवर, नवा माणूस म्हणून, जुना काही हिशोब राहिला नाही अशा कागदावर सही करून. आणि जिगर मशीनवर नाही, सांडपाण्याच्या टाकीवर, गाळ उपसायला. बारांतल्या तिघांना मात्र त्यांचं जुनं मशीन. ते तीन कोण आणि नऊ कोण, हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे काय?

नवांतल्या दोघांनी सही केली. एकाच्या पोरीची फी थकलेली, दुसऱ्याचं भाडं. त्यांना गद्दार म्हणणाऱ्यांनी जरा मागचं बघावं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. महार वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडलं. मधली तीस वर्षं गावाला 'नाही' म्हणणारी माणसं जगली कशावर? गावाने बहिष्कार टाकला, बलुतं बंद केलं, तेव्हा चूल पेटली ती मुंबईच्या मनीऑर्डरवर. गिरणी, रेल्वे, गोदी. पाटलासमोर ताठ उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीमागे परळच्या गिरणीत रात्रपाळी करणारा एक पोरगा होता. जयंतीच्या भाषणात म्हातारा येतो, पोरगा येत नाही. नुसत्या घोषणेवर स्वाभिमान टिकला असता तर साहेबांनी मजूर पक्ष कशाला काढला असता?

आता दुसरी बाजू. तीही काही कमी नाही. वस्तीतले जाणते म्हणतात, मिळतंय ते घे, काम ते काम, टाकी काय आणि मशीन काय. च्यायला, हेच तर मुंबईच्या गिरण्यांत आपल्याला ऐकवलं गेलं! साचेखात्यात पगार जास्त, म्हणून तिथे आपला माणूस नको. कारण काय सांगायचे, तर धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागतं, अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? मालकाची तक्रार नव्हती, तक्रार बाजूच्या साच्यावरच्या कामगार बंधूची होती. लाल बावटा हातात धरून! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हाच सवाल केला, की आमच्या माणसाला साचेखातं उघडणार की नाही ते आधी बोला. म्हणजे संप करायचा की कामावर जायचं, यापेक्षा वेगळा एक प्रश्न आपला नेहमीच राहिलेला आहे. कुठल्या खात्यात? तो प्रश्न शंभर वर्षांनी तुर्भ्या-रबाळ्यात तसाच उभा आहे, फक्त धोट्याच्या जागी गाळाची टाकी आलीय.

१९३८ मध्ये औद्योगिक तंट्यांच्या बिलाला विरोध करताना साहेबांनी विधिमंडळात मांडलं होतं, की संप हा गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध राबवणं, आणि ती गुलामगिरी. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपही झाला. काम नाकारायचा हक्क आपला आहे. पण तो एकट्याने वापरला की त्याचं काय होतं ते १९८२ ने दाखवलं. १८ जानेवारीला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही, विरून गेला. जे परत गेले ते एकएकटे गेले, मालकाच्या अटीवर. जे राहिले ते राहिले. २०१६ च्या सोडतीत काहींना इथे पनवेलजवळ कोनला घरं लागली. गेलेली नोकरी काही लागली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. मी परत जायला तयार आहे, त्यात मला लाज नाही. ती गिरणी माझ्या हातांनी चाललीय. पण जुन्या हजेरी नंबरावर, जिगरवर, बाराच्या बारा. टाकीवर जायचं तर पाळीपाळीने सगळे जातील, ते तिघंही. कोऱ्या हिशोबावर सही नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सोय होती, की कपात केलेल्या कामगाराला नव्या भरतीत आधी बोलवायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहिता लागू झाल्या. त्यात ही सोय राहिली, पण कपातीपासून एका वर्षाच्या आत भरती निघाली तरच. आपलं वर्ष येत्या पावसाळ्यात संपतं. मालक म्हणतो कपात केलीच नाही, तुम्हीच यायचं बंद केलं. मग तो कागद कशाला पुढे करतो? 'नवा माणूस' म्हणून सही झाली की जुना माणूस कागदावर मेला, आणि मेलेल्याला कोण आधी बोलावतो?

मुकादमाने सोमवारपर्यंत मुदत दिलीय. रविवारी सकाळी दहा वाजता विहारामागच्या खोलीत बसायचं आहे. येताना पगाराच्या पावत्या, ईएसआयचं कार्ड, फंडाचा नंबर आणि काढल्याच्या दिवशी गेटवर मोबाईलमध्ये काढलेले फोटो आणा. सही केलेल्या दोघांनाही निरोप दिलाय, त्यांच्याकडे त्या कागदाची प्रत असेल तर तीच सगळ्यात आधी वाचू.