स्वमग्न विद्यार्थी, शाळा आणि आपण वैद्य

पुष्य नक्षत्राच्या दिवशी आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात सुवर्णप्राशनासाठी बालकांची रांग लागते. काश्यपसंहितेतील लेहनाची ही परंपरा गावोगावी पुन्हा रुजत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्या रांगेतील एखादे बालक हाक मारली असता वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, आईचा हात धरून तिलाच त्या वस्तूकडे ओढीत नेते, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानी येते? आमच्या ध्यानी आले नव्हते. ही कबुली देऊनच आम्ही या विषयास हात घालीत आहोत.

दहा-अकरा वर्षांपूर्वी एक साडेतीन वर्षांचा मुलगा आमच्याकडे दरमहा येत असे. त्याची आई एकदा म्हणाली, "डॉक्टर, नावानं हाक मारली तरी हा बघत नाही. पण कुकरची शिट्टी झाली की कान झाकून पलंगाखाली जातो." आम्ही हसून सांगितले की, काही मुलगे उशिराच बोलतात. ब्राह्मी घृत सुरू केले, पुढे शंखपुष्पीची जोड दिली. औषधाने अपाय झाला नाही. परंतु दीड वर्ष निघून गेले. पाचव्या वर्षी तो शाळेत गेला आणि तिसऱ्या आठवड्यात वडील शाळेची चिठ्ठी घेऊन आमच्या पुढ्यात उभे राहिले. मुलगा प्रार्थनेच्या वेळी पळून जातो, स्वतःच्या हाताला चावतो, सबब अन्य शाळा पाहावी, असा तिचा आशय. "तुम्ही तर म्हणाला होता, बोलेल," एवढेच ते म्हणाले. त्यानंतर आम्ही त्यांना जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले. निदान झाले: स्वमग्नता, अर्थात ऑटिझम.

हा शब्द आम्हास पूर्णतः पटत नाही. स्वतःमध्ये मग्न असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात यांतील कित्येक बालकांस बाहेरचे जग कमी नव्हे, तर अति ऐकू येते, अति बोचते. वर्गात काय करावयाचे, हे ठरविताना हा भेद फार मोलाचा ठरतो.

त्या मुलाच्या वर्गशिक्षिका बाईंना आम्ही जाऊन भेटलो. खरे सांगावयाचे तर समजूत घालण्यास गेलो आणि शिकून परत आलो. शाळेची घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा, नेमका त्याच्या बाकामागील खिडकीबाहेर. बाईंनी त्याची जागा समोरच्या भिंतीकडे हलविली. घंटा देण्यापूर्वी शिपाईमामा दारात येऊन हात वर करीत, मग बाई मुलास घंटेचे चित्र दाखवीत, तो कान झाकून घेई आणि घंटा होऊन जाई. जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी दिवसाचा क्रम चित्रांनी काढला: प्रार्थना, वाचन, गणित, खिचडी, खेळ, घर. एकेक गोष्ट झाली की तो त्यावर पट्टी चिकटवी. "सर्वांनी पुस्तके काढा" या वाक्यातील 'सर्वांनी'मध्ये आपण येतो, हे त्यास उमगत नसे. म्हणून बाई वर्गास सांगून झाल्यावर त्याचे नाव घेऊन तेच दोन शब्दांत सांगत. प्रार्थनेस तो रांगेच्या टोकाशी, दाराजवळ उभा राही. असह्य झाल्यास वर्गात जाऊन बसण्याची मुभा होती. मुभा आहे हे कळल्यावर पळणे कमी झाले. यांत एक पैशाचा खर्च नव्हता. दिवाळीनंतर शाळा बदलण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

कायदाही शाळेस असे पालकांना परत पाठविण्याची मोकळीक देत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहेच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे आणि विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करणे हे शिक्षणसंस्थेचे कर्तव्य ठरविले आहे. पालकांना हे ठाऊक नसते. वैद्यांपैकीही किती जणांना ठाऊक आहे, कोण जाणे.

आता आपल्या घरातील गोष्ट. स्वमग्नतेचा अंतर्भाव उन्मादात करावा की बालग्रहांत, यावर आपल्या चर्चासत्रांत तासन् तास जातात. विकाराचे नाव ठाऊक नसल्याची लाज वैद्याने बाळगू नये, असे साक्षात चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सांगितलेले असता ही नामशोधाची घाई कशासाठी? शिवाय 'ग्रह' हा शब्द चिकित्सालयातून घरी जातो, तेव्हा तो शास्त्रार्थ घेऊन जात नाही. आजीच्या कानी तो 'बाहेरची बाधा' म्हणूनच पडतो आणि पुढचे सहा महिने देवऋष्याकडे जातात.

काही व्यवसायबंधू स्वमग्नता समूळ बरी करण्याचे आश्वासन देतात, फलकही लावतात. असे आश्वासन देण्याजोगा पुरावा कोणत्याही पॅथीजवळ नाही, आपल्याजवळही नाही. निष्कारण रसकल्प लहान मुलास दीर्घकाळ देणे, तर आम्ही अक्षम्य मानतो. यांतील काही मुले माती, भिंतीचा रंग तोंडात घालतात. त्यांच्या शरीरात शिसे आधीच जात असण्याची शक्यता असते, त्यात आपली भर नको. पथ्याचेही तसेच. जो मुलगा भात, वरण आणि एकाच आकाराचे बिस्कीट एवढेच खातो, त्याचे गहू आणि दूध सरसकट बंद करून आपण त्याच्या ताटात काय शिल्लक ठेवतो?

"मग आपणास उरले काय?" असा प्रश्न एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आम्हास विचारला. पुष्कळ उरले. या मुलांत मलावरोध आणि निद्रानाश वारंवार आढळतात. चार दिवस कोठा साफ नसलेला, रात्री तीनला जागा झालेला मुलगा सकाळी वर्गात हात चावून घेतो, तेव्हा शिक्षक त्यास हट्ट समजतात. येथे अग्नीचा विचार, मृदू अनुलोमन, निजण्याची ठरलेली वेळ हे सर्व आपले क्षेत्र. अभ्यंग काही मुलांना प्रिय असतो, काहींना स्पर्शच सोसत नाही. तेव्हा आईस विचारल्यावाचून लिहू नये. या सर्वाने स्वमग्नता जात नाही, मुलाचा दिवस सुसह्य होतो, हे पालकांना आरंभीच सांगावे.

आणखी एक. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यांचीच योजना आहे. ही पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, तपासावयाच्या विकारांच्या यादीत स्वमग्नताही आहे. म्हणजे खेड्यातील अशा बालकासमोर उभा राहणारा पहिला वैद्य बहुधा आपल्यापैकीच असतो. दात, डोळे, वजन पाहून पुढचे नाव पुकारले जाते. वेळ कमी असतो हे आम्हास मान्य. पण नावाने हाक मारून पाहण्यास किती वेळ लागतो?

औषधविक्रेते बंधूंनाही विनंती. 'मूल बोलत नाही, काही बुद्धिवर्धक द्या' असे म्हणत ग्राहक आला, तर बाटली काढण्यापूर्वी वय विचारावे. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द स्वतः जोडून बोलत नाही, किंवा येत असलेले बोलणे कोणत्याही वयात गेले, तर त्या मुलाची जागा बालविकासतज्ज्ञांकडे आहे, आपल्या गल्ल्यासमोर नाही. आधी कानांची तपासणीही व्हावयास हवी. विक्री एका बाटलीची बुडेल.

तो मुलगा आता नववीत आहे. चित्रपटातल्यासारखी गणिताची अलौकिक प्रतिभा वगैरे त्याच्यात नाही; गणित कच्चेच आहे. लहान वाक्ये बोलतो. आमच्याकडे आला की काढ्यांच्या बाटल्या मुदतीच्या तारखेप्रमाणे लावून ठेवतो, आणि संपलेली मुदत दिसली की आम्हास फैलावर घेतो. पुढील वर्षी तो दहावीस बसेल. वाढीव वेळेसाठी व लेखनिकासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची जुळवाजुळव वडिलांनी आतापासूनच चालविली आहे. परीक्षेचे केंद्र दुसऱ्या शाळेत येण्याचा संभव आहे. तेव्हा केंद्र कळताच तेथील घंटा कोठे टांगली आहे, हे आधी पाहून यावे, असे आम्ही त्यांना सांगून ठेवले आहे.